जलनेती कशी शिकावी: मीठ, ऊब आणि मानेचा कल

हठयोगावरील हठप्रदीपिका या ग्रंथात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशा सहा शुद्धिक्रिया सांगितल्या आहेत. त्यांतील नेती सुताची आहे, आणि नाकातून सूत घालून तोंडावाटे बाहेर काढण्याची ती क्रिया जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीशिवाय करू नये. कोमट मिठाचे पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढण्याची जलनेती मात्र निरोगी प्रौढ व्यक्तीला स्वतः शिकता येते. तिची कृती पाच मिनिटांत सांगून होते. पण मिठाचे प्रमाण, पाण्याची ऊब आणि मानेचा कल या तीन गोष्टी ज्याच्या त्याच्या नाकाला कशा मानवतात, हे नियमित सराव केल्यावरच कळते.

पाण्याची शुद्धता मात्र अनुभवावर सोडण्याची बाब नव्हे. पिण्यास योग्य असलेले नळाचे पाणीदेखील नाकात थेट घेऊ नये. पोटातील आम्ल अनेक सूक्ष्मजीवांना मारते, नाकाला तसे संरक्षण नसते. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा तर नाकातूनच मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि हा संसर्ग दुर्मिळ असला तरी बहुधा जिवावर बेततो. म्हणून पाणी खळखळ उकळू लागल्यावर किमान १ मिनिट, आणि २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटे, उकळत ठेवावे आणि झाकून निववावे. नेतीपात्रही, म्हणजे तोटी असलेले छोटे भांडेही, स्वच्छ धुऊन कोरडे ठेवलेले असावे.

१ लिटर पाण्याला ९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ लागते. आयोडीन नसलेले शुद्ध, बारीक मीठ घेऊन ते पूर्ण विरघळवावे. चमच्यांचे आकार सारखे नसतात, त्यामुळे एकदा वजन करून आपल्या चमच्याचे माप ठरवून टाकलेले बरे. पाण्याची ऊब मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावी. तो ना गरम वाटावा, ना गार.

आता बेसिनपुढे पाय थोडे फाकवून उभे राहावे, कमरेतून पुढे वाकावे आणि तोंड उघडून तोंडानेच श्वास सुरू करावा. क्रिया संपेपर्यंत हा श्वास थांबवू नये, आणि मध्येच बोलू किंवा गिळू नये. जी नाकपुडी अधिक मोकळी असेल तिच्यात पात्राची तोटी अलगद बसवावी, डोके विरुद्ध बाजूला कलते करावे आणि पात्र हळूहळू उचलावे. नाकाचे दोन्ही मार्ग नाकाच्या मधल्या पडद्याच्या मागे एकत्र येतात, त्यामुळे कल योग्य असेल तर पाणी दुसऱ्या नाकपुडीतून आपोआप धारेने वाहू लागते. ते ओढून घ्यावे लागत नाही. अर्धे पाणी झाल्यावर हळुवार नाक शिंकरून बाजू बदलावी.

खरे शिकणे येथून पुढे आहे. पाणी घशात उतरत असेल तर बहुधा कपाळ मागे गेलेले असते. हनुवटी किंचित आत घ्यावी. नाकात झोंबले तर मीठ कमी किंवा जास्त झाले आहे. पाण्यात नुसते मीठ कमी पडले तरी नाकाच्या आतील पेशींना ते बोचते, ही गोष्ट नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, आणि जळजळ झाली की ते मीठ आणखी घटवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कोणत्या बदलाने काय झाले हे वहीत एका ओळीत टिपावे; तिन्ही एकदम बदलल्यास काहीच उमगत नाही. एखाद्या दिवशी डावीकडून धार मंद येते, दुसऱ्या दिवशी उजवीकडून. नाकपुड्यांच्या आतील अस्तराला आळीपाळीने सूज येते व ओसरते, हा शरीराचा नित्यक्रम असल्याने त्याची काळजी करू नये. एकच बाजू कायम तुंबलेली असेल तर मात्र पडदा वाकडा आहे का, हे नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

नाक कोरडे करण्याचा टप्पा घाईत उरकला जातो, आणि बहुतेक तक्रारी तेथेच उद्भवतात. कमरेतून वाकून डोके खाली सोडावे, मान सावकाश डावीउजवीकडे वळवावी आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास करावेत. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरल्यास पाणी कानाच्या नळीत शिरू शकते. क्रियेनंतर लगेच आडवे होऊ नये.

सुरुवातीला काही दिवस रोज, सकाळी रिकाम्या पोटी, करावे. हात बसल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा माझ्या मते पुरेसे होते. नाकातून रक्त येत असेल, कान दुखत असेल, नाक पूर्ण बंद असेल किंवा नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर ही क्रिया करू नये. आणि क्रियेनंतर डोकेदुखी किंवा कानात दडा राहिला, तर ती थांबवून डॉक्टरांना दाखवावे.