सिम्समध्ये फर्निचर उचलताना आणि थप्प्या लावताना या चुका टाळा

नागपूरचं घर दाखवायचं म्हटलं की खिडकीबाहेर कूलर हवाच. त्याखाली लोखंडी अँगलचा स्टँड, स्टँडच्या एका पायाखाली विटेचा तुकडा. ‘द सिम्स ४’ या घरं बांधून त्यात माणसं वसवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरासारखं घर बांधायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी हाच कोपरा करायचा ठरवला. गेममध्ये आपल्यासारखा कूलर नाही. म्हणून एक चौकोनी लहान कपाट घेतलं, ते आकाराने कमी केलं, खाली एक अरुंद टेबल ठेवलं आणि कपाट उचलून टेबलाच्या उंचीवर आणलं. दिसायला सुरेख जमलं. मग खिडकी जरा सरकवायची होती, म्हणून टेबल जमिनीवरचे दोन चौकोन डावीकडे ओढलं. टेबल गेलं, कूलर हवेतच राहिला.

तिथेच मला या कामाचं मूळ कळलं. उचललेली वस्तू गेमच्या हिशेबी कशावरही ठेवलेली नसते. तिची फक्त उंची बदललेली असते. खाली टेबल आहे की नुसती हवा, याची नोंद गेम करत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघतात.

ऑक्टोबर २०२२पासून ‘सिम्स ४’चा मूळ गेम फुकट आहे. तेव्हापासून आमच्याकडची भाचे-पुतणे मंडळी सुट्टीत त्यातच रमलेली असतात, आणि मला येणारे प्रश्नही जवळपास तेच ते असतात.

कळ दाबली, पण काहीच हलत नाही

आधी चीट, म्हणजे गेमचे नेहमीचे नियम सैल करणारी लेखी आज्ञा, चालू आहे का ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबलं की वर डाव्या कोपऱ्यात लिहायची पट्टी उघडते (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड). तिथे बीबी, टिंब, मग मूव्हऑब्जेक्ट्स असं सलग लिहायचं, एक जागा सोडून ऑन लिहायचं आणि एंटर मारायचं. सगळी अक्षरं इंग्रजी. आपल्याकडे इथेच एक घोळ होतो. आधी कुणाला मराठीत मेसेज टाइप केलेला असतो आणि कीबोर्डची भाषा मराठीच राहिलेली असते. मग पट्टीत देवनागरी अक्षरं उमटतात आणि चीट लागत नाही. विंडोजवर विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदला, मग पुन्हा लिहा.

दुसरी गोष्ट, गेम बंद करून परत उघडला की ही चीट आपोआप चालू होत नाही. दर वेळी लिहावी लागते. काल चाललं होतं, आज का चालत नाही, याचं उत्तर दहापैकी नऊ वेळा एवढंच असतं.

वस्तू निवडून ९ दाबलं की ती वर जाते, ० दाबलं की खाली येते. बऱ्याच जुन्या मार्गदर्शनात हे आकडे कंट्रोल धरून दाबायला सांगितलेलं दिसेल. एकाने झालं नाही तर दुसरं करून पाहा.

उतरंड वरून रचायची नाही

आजीच्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यात मोठं खाली, त्यावर त्याहून लहान, आणि शेंड्याला मिठाचं छोटं बोळकं. खालचं मडकं हलवायचं तर आधी वरची सगळी उतरवावी लागत. गेममधल्या थप्पीलाही हाच नियम लावा, कारण इथे खालचं सरकवलं तर वरचं पडत नाही, नुसतं लटकत राहतं. पडलं असतं तर निदान लगेच कळलं असतं. लटकलेला डबा तासाभराने दुसऱ्या कोनातून दिसतो, आणि तोवर बाकीचं सगळं त्याच्याभोवती मांडून झालेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी भिंती, खिडक्या आणि दारं कायमची ठरवा. मग जमिनीवरचं मोठं फर्निचर. मग आकार कमी-जास्त करा. उंचीचं काम सगळ्यात शेवटी.

आकार आधी आणि उंची नंतर का, हे नीट समजून घ्या. शिफ्ट धरून उजवा चौकोनी कंस दाबला की वस्तू मोठी होते, डावा दाबला की लहान. वस्तू मोठी झाली की तिचा माथा वर सरकतो. म्हणजे तुम्ही पाच डबे एकावर एक बसवले आणि मग तळाचा डबा थोडा फुगवला, तर वरच्या चारही डब्यांची उंची चुकली. पुन्हा एकेक उचलत बसा.

इथे आणखी एक फरक लक्षात ठेवा. टेबल, ओटा, फडताळ यांच्यावर गेमने स्वतःच्या काही ठरावीक जागा आखलेल्या असतात. फुलदाणी नेली की ती आपोआप जिथे चिकटते, ती जागा. तिथे ठेवलेली वस्तू टेबलाबरोबर हलते. पण एम धरून त्या जागेपासून सुटी ठेवलेली किंवा ९ दाबून उचललेली वस्तू हलत नाही. म्हणून जिथे गेमची जागा चालण्यासारखी आहे तिथे तीच वापरा. मी आता कपाटातल्या पहिल्या ओळीचे डबे गेमच्या जागांवर ठेवतो आणि फक्त दुसरा-तिसरा थर उचलतो. त्याने निम्मी कटकट संपते.

आणि सगळं मांडून झाल्यावर जागा बदलावीशी वाटलीच, तर वस्तू एकेक न ओढता अख्खी खोली निवडून सरकवा. चीट चालू ठेवूनच. खोलीबरोबर आतलं सामान येतं.

डबा तरंगतोय की बसलाय?

प्रत्येक दाबाला वस्तू ठरावीक अंतराने चढते. ते अंतर तुमच्या डब्याच्या उंचीशी जुळेलच असं नाही. एक दाब कमी पडला तर डबा खालच्यात किंचित रुतलेला दिसतो, एक जास्त झाला तर मध्ये फट दिसते. अशा वेळी रुतलेलं ठेवा, फट ठेवू नका. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या क्रेटची थप्पी बघा, वरच्या क्रेटचा तळ खालच्याच्या काठात बसलेला असतो. डोळ्याला ती सवय आहे, म्हणून थोडं रुतलेलं खरं वाटतं. तांदळाएवढी फट मात्र लगेच खोटी दिसते.

दाब मोजायची सवय लावा. मी जवळ वही ठेवतो: टेबलावर कूलर, इतके दाब. पुढच्या खिडकीला तोच कूलर करायचा तर आकडा तयार असतो. अंदाजाने वर-खाली करत बसलात तर दोन शेजारच्या खिडक्यांतले कूलर वेगवेगळ्या उंचीवर दिसतील.

वरून बघून कधीच खात्री करू नका. बांधकाम करताना कॅमेरा बहुतेक वेळ डोक्यावर असतो आणि वरून प्रत्येक थप्पी नीटच दिसते. कॅमेरा जमिनीलगत आणून बाजूने बघा. किंवा घर खेळायला उघडा आणि शिफ्ट-टॅब दाबून सिमच्या, म्हणजे गेममधल्या माणसाच्या, डोळ्यांनी बघा. ही सोय नोव्हेंबर २०१८पासून आहे आणि थप्पी तपासायला माझ्या मते याहून चांगलं साधन नाही. सावलीही बघा. वस्तू तरंगत असेल तर बहुतेकदा आधी सावली सांगते.

“मामा, हा जेवायला काऊन नाही बसत?”

भाच्याने गेल्या उन्हाळ्यात घर बांधलं. जेवणाची जागा जरा उंचावर हवी म्हणून त्याने टेबल उचललं, चार खुर्च्या उचलल्या, खाली लाकडी पेट्या मांडल्या. चित्रात काढल्यासारखं दिसत होतं. सिम मात्र ताट घेऊन घरभर फिरायचा आणि शेवटी उभ्यानेच जेवायचा.

दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, खुर्च्या छान दिसाव्या म्हणून त्याने ऑल्ट धरून त्या तिरप्या ठेवल्या होत्या. जेवायची खुर्ची टेबलाच्या कडेला सरळ, टेबलाकडे तोंड करून लागलेली असली तरच गेम तिला त्या टेबलाची खुर्ची मानतो. दोन, चीट चालू असताना गेम वस्तूंची टक्कर तपासत नाही. मांडताना तो तुम्हाला पेटीत खुर्ची आणि खुर्चीत टेबल घुसवू देतो, पण सिमला चालायला वाट लागतेच. वाट सापडली नाही की सिम थांबतो, डोक्यावर फुगा येतो आणि तो काम सोडून देतो.

उपाय उचलण्यात नव्हता, जमीनच उंच करण्यात होता. नोव्हेंबर २०२०च्या अपडेटमध्ये मूळ गेमला चौथरा करायचं साधन मिळालं. त्याने खोलीचा हवा तेवढा भाग उचलता येतो, त्यावर ठेवलेलं सामान गेमच्या दृष्टीने साध्या जमिनीवरच असतं, आणि उंच चौथऱ्याला पायऱ्या लावल्या की सिम चढतो-उतरतो. भाच्याने टेबल-खुर्च्या खाली आणल्या, पेट्या काढल्या, चौथरा केला आणि वर सगळं सरळ मांडलं. त्या संध्याकाळी सगळं कुटुंब पंगतीला बसलं.

तेव्हा हा भेद पक्का करा: जे फक्त बघायचं, ते उचला. जे सिमने वापरायचं, त्याची जमीन उचला. पलंगावर पलंग हवा असेल तर आता त्याचीही गरज नाही, २०२१मध्ये दुमजली पलंग मूळ गेममध्ये आला. खुर्ची किंवा पलंग आकाराने मोठा-लहान करतानाही हेच ध्यानात ठेवा. वस्तू बदलते, सिमचं शरीर बदलत नाही, मग तो खुर्चीत रुतलेला किंवा अधांतरी बसलेला दिसतो.

ओट्याचं तर विचारूच नका. मसाल्याच्या डब्यांनी सगळा ओटा भरला तर सिमला भाजी चिरायला जागा उरत नाही. गॅसच्या शेजारचा निदान एक भाग पूर्ण रिकामा सोडा.

गच्चीवरची टाकी

काळी टाकी खालच्या मजल्यावरून ९ दाबत दाबत गच्चीपर्यंत नेऊ नका. ती खालच्या मजल्याचीच राहते आणि मजले बदलून बघताना भलत्या ठिकाणी दिसते. आधी गच्चीच्या मजल्यावर जा, तिथल्या फरशीवर स्टँड ठेवा आणि टाकी तिथूनच उचला.

गॅलरीतून आणलेलं घर अर्धं रिकामं

गॅलरी म्हणजे खेळणारे आपली घरं एकमेकांना देतात ती गेमची ऑनलाइन जागा. तिथून दुसऱ्याचं घर उतरवून घेतलं आणि फडताळं ओकीबोकी दिसली, तर दोष बहुधा त्या माणसाचा नाही. घर मांडण्याच्या आधी तुमच्याकडेही चीट चालू असावी लागते. मांडून झाल्यावर चालू केली तर गेलेले डबे परत येत नाहीत. घर काढून टाका, चीट लावा, पुन्हा मांडा. आणि तुम्ही स्वतः गॅलरीवर घर चढवत असाल तर वर्णनात चीटचा उल्लेख जरूर करा. कुणीतरी रात्र जागून रचलेली उतरंड दुसऱ्याच्या पडद्यावर नाहीशी होते, हे मला मनापासून वाईट वाटतं.

रचना बिघडलीच तर

कंट्रोल-झेड दाबून पावलापावलाने मागे या. उचलण्याचं काम सुरू करण्याआधी घर वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, कारण पंधरा डबे हलवल्यानंतर नेमकं कोणतं पाऊल चुकलं हे आठवत नाही. मोठ्या वस्तूच्या आत अडकलेली छोटी वस्तू हाताला लागत नसेल तर मोठी तात्पुरती बाजूला घ्या, छोटी काढा, आणि मोठी परत जागेवर ठेवा. मोठीवर काही उचललेलं असेल तर ते जागच्या जागी थांबेल. इथे त्या स्वभावाचा चक्क फायदा होतो.

थप्प्या फार झाल्या की लॅपटॉपवर ताण येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा पंखा आधीच जोरात फिरत असतो. मी सिमला जिथून काही दिसत नाही अशा कोपऱ्यांतले थर कमी केले. कपाटाच्या मागच्या ओळी काढल्या तरी समोरून फरक कळला नाही.

महालातल्या त्या घरात आता तीन खिडक्यांना तीन कूलर आहेत. तिन्हींचे दाब वहीत लिहिलेले आहेत, आणि विटेचा तुकडाही मधल्या स्टँडच्या डाव्या पायाखाली आहे. तो मात्र मी उचललेला नाही. तो जमिनीवरच ठेवलाय.