कार्बनचा फ्रेट क्लास ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या एलटीएल मालाचं (पूर्ण ट्रक न भरणाऱ्या मालाचं) बुकिंग पुण्यात बसून करणाऱ्यांना कार्बनचा माल सोपा वाटतो. सुधारित बिल येतं तेव्हा कळतं की कॅरियरने, म्हणजे वाहतूक कंपनीने, टर्मिनलवर पॅलेट मोजून क्लास बदललाय. फ्रेट क्लास म्हणजे भाडं ठरवण्यासाठी मालाला दिलेला वर्ग: घनता जितकी कमी, तितका क्लासचा आकडा मोठा, आणि क्लास जितका वरचा, तितका दर जास्त.

सगळ्यात मोठी गफलत घनतेची. नारळाच्या करवंटीच्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या डेटाशीटवर ०.५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर असं लिहिलेलं असतं, म्हणजे घनफुटाला सुमारे ३१ पौंड. त्यावरून क्लास ६० टाकून मोकळे होतात. पण ही घनता नुसत्या दाण्यांची. कॅरियर मोजतो तो अख्खा पॅलेट, लाकडासकट. समजा, ४८ बाय ४० इंचाच्या पॅलेटवर ४२ इंच उंच गोण्या आहेत आणि एकूण वजन ११०० पौंड. नुसत्या गोण्या मोजल्या तर घनता २३.६ येते, म्हणजे क्लास ६५. खालचं ६ इंचांचं लाकूड धरलं की ती २०.६ वर उतरते आणि क्लास होतो ७०. गोण्या बाजूने फुगल्या असतील, तर टेप सगळ्यात रुंद जागी लावायचा. घनइंचांना १७२८ ने भागलं की घनफूट मिळतात.

दुसरी चूक आळसाची: बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबत जाणाऱ्या वाहतुकीच्या कागदावर) नुसतं ‘कार्बन’ लिहिणं. कार्बन ब्लॅक, ग्रॅफाइट, ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि कार्बन फायबरची सायकल फ्रेम यांत नावापलीकडे साम्य फारसं नाही. फ्रेमच्या खोक्यात तर बहुतेक हवाच असते.

जुनं बिल ऑफ लेडिंग कॉपी-पेस्ट करणंही आता महागात पडतं. १९ जुलै २०२५ पासून एनएमएफसीमधल्या (अमेरिकेतल्या मालवर्गीकरणाच्या यादीतल्या) बऱ्याच वस्तू १३ टप्प्यांच्या घनता-तक्त्यावर गेल्या आहेत. गेल्या वर्षी चाललेला क्लास आज चालेलच असं नाही.

नवख्यांचा आणखी एक घोळ म्हणजे ४.२ हा आकडा. तो फ्रेट क्लास नव्हे, तर आपोआप तापणाऱ्या मालाचा धोका-वर्ग. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय ओळख) १३६२ याच वर्गात येतो. वाफेने ॲक्टिव्हेट केलेल्या कार्बनला समुद्रमार्गे त्यातून सूट मिळते का, ते सध्याच्या नियमांत तपासा आणि प्रक्रिया कोणती ते उत्पादकाकडून लेखी घ्या. न्हावाशेव्याहून कंटेनर निघाल्यावर तो कागद मागत बसण्यात अर्थ नाही.