सायकलची फ्रेम तडकली तर कंपनीकडे दाद कशी मागावी

जोतिबाच्या चढावर उभं राहून पेडल मारताना खालून कट्‌कट् आवाज येऊ लागतो. पेडल, सीटपोस्ट (सीटचा दांडा), बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे बसतात तो आस) सगळं आवळून झालं तरी आवाज जात नाही. मग कधीतरी सायकल धुताना वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी बारीक रेघ दिसते. कोल्हापुरात यावर पहिला सल्ला ठरलेला आहे: "उद्यमनगरात ने, टिग वेल्डिंग मारून घे, संध्याकाळपर्यंत गाडी तयार."

सल्ला देणारा आपुलकीनंच देतो, आणि उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण फ्रेम वॉरंटीत असेल तर तिथं जाऊ नका. वेल्डिंग मारलं की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी तिथंच संपते. शिवाय दोष कारखान्यातला होता हे दाखवणारी जागाच वितळून जाते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर दुरुस्तीही खात्रीची नसते. 6061 सारख्या मिश्रधातूची फ्रेम वेल्डिंगनंतर उष्णोपचार करून पुन्हा कडक केलेली असते. नुसतं वेल्डिंग मारलं तर सांध्याशेजारचा भाग मऊ राहतो आणि तिथं पुन्हा तडा जाऊ शकतो. वॉरंटी संपलेल्या पोलादी फ्रेमची गोष्ट वेगळी, ती चांगला कारागीर नीट जोडून देतो.

सायकल थांबवा आणि पुरावा जपा

तडा दिसला त्या दिवसापासून सायकल चालवू नका. हेड ट्यूबपाशी, म्हणजे हँडलच्या खाली, तडा असेल तर अजिबात नाही. तिथं फ्रेम तुटली तर माणूस थेट तोंडावर पडतो. न चालवण्याचं दुसरं कारण म्हणजे "तडा दिसूनही वापरत राहिले" असं लिहून दावा फेटाळायची संधी कंपनीला मिळते.

आता फोटो. दावा बहुतेक वेळा याच फोटोंवर ठरतो, म्हणून इथं घाई नको. ओल्या फडक्यानं जागा पुसा, पण पॉलिश पेपर लावू नका आणि रंग खरवडू नका. सकाळच्या उजेडात आधी पूर्ण सायकलचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, मग तड्याची जागा हातभर अंतरावरून, मग अगदी जवळून, शेजारी पट्टी धरून. बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर वाचता येईल असा एक फोटो हवाच. काही सायकलींवर तो हेड ट्यूबवर किंवा सीट ट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर असतो.

आणि जे कुणी सहसा काढत नाही ते, म्हणजे न मोडलेल्या भागांचे फोटोही घ्या. सायकल समोरून कशावर आदळली असेल तर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मागं वाकतो, हेड ट्यूबच्या मागं डाउन ट्यूबच्या, म्हणजे तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या, खालच्या बाजूला सुरकुती पडते, पुढचं चाक डगमगतं. तुमचा फोर्क सरळ असेल, नळ्यांना पोचा नसेल आणि तडा फक्त वेल्डच्या कडेला असेल, तर ते फोटोत दिसू द्या. "अपघातानं तुटली" या उत्तराला याहून चांगलं उत्तर नाही. सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला तडा असेल तर सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत होती हेही दाखवा. सीट फार वर काढून चालवल्यानं तिथं तडा जातो, आणि कंपनी तेच आधी विचारणार.

फ्रेम पूर्ण तुटली असेल तर तुटलेल्या तोंडाला हात लावू नका. हळूहळू वाढलेल्या तड्याचा भाग गुळगुळीत आणि मळलेला असतो, शेवटी एकदम तुटलेला भाग चमकदार आणि खरबरीत. जाणकार हे पाहून तडा जुना की ताजा ते सांगतो.

कागद

बिल, वॉरंटी कार्ड, ऑनलाइन नोंदणी केली असेल तर तिचा ईमेल. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मागा आणि यूपीआय किंवा बँकेची नोंद काढा. वॉरंटीच्या अटी पूर्ण वाचा. "आजीवन" वॉरंटी साधारणपणे पहिल्या मालकापुरतीच असते, आणि शर्यत, उड्या, भाड्यानं देणं यांतून झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. सायकल जुनी घेतलेली असेल तर पहिल्या मालकाचं नाव पुढं करू नका. खोटं उघडं पडलं की खरी बाजूही बुडते.

पहिलं पत्र

आधी दुकानदाराकडे जा. शाहूपुरीतलं असो की राजारामपुरीतलं, दुकान जिथं असेल तिथं माणसं ओळखीची असतात आणि बोलूनच काम होईल असं वाटतं. बोला जरूर, पण त्याच संध्याकाळी तेच लेखी पाठवा. दुकानदाराला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकच ईमेल पाठवायचा. कंपनी लुधियानाची असेल नाहीतर चेन्नईची, तिथल्या माणसाला तुमच्या दुकानदाराशी काय बोलणं झालं ते कळणार नाही. मजकूर असा चालेल:

"मी अमुक मॉडेलची सायकल अमुक तारखेला अमुक दुकानातून घेतली. फ्रेम नंबर हा. अमुक तारखेला डाउन ट्यूब आणि हेड ट्यूबच्या वेल्डजवळ तडा आढळला. सायकलला अपघात झालेला नाही, फोर्क आणि चाकं सरळ आहेत, फोटो जोडले आहेत. त्या दिवसापासून सायकल वापरात नाही. वॉरंटीनुसार फ्रेम बदलून द्यावी. तक्रार क्रमांक आणि तपासणीची तारीख 7 दिवसांत कळवावी."

यात राग नाही, दटावणी नाही, आणि मागणी एकच आहे. "तडा कशानं गेला असेल" याचे अंदाज लिहू नका. "बहुतेक त्या खड्ड्यात आपटल्यामुळे" हे एक वाक्य दावा संपवू शकतं. पण खरोखर आपटली असेल तर ते लपवूही नका. तेव्हा वॉरंटीऐवजी सवलतीत नवी फ्रेम मागा. काही कंपन्या अपघातग्रस्त फ्रेमसाठी तशी सोय ठेवतात.

फोनवर बोलणं झालं तर लगेच ईमेलनं कळवा: आज अमुक वाजता तुमच्या प्रतिनिधीनं असं सांगितलं. नाव विचारून घ्या. ऑनलाइन घेतलेल्या सायकलीसाठी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

फ्रेम तपासणीसाठी मागवली तर पोच घेतल्याशिवाय सोडू नका. पोचेवर फ्रेम नंबर आणि "डाउन ट्यूबला तडा, इतर नुकसान नाही" असं लिहून घ्या. पॅकिंगचा व्हिडिओ काढा. मूळ बिल पाठवायचं नाही, प्रत पाठवायची.

"वॉरंटीत बसत नाही" असं उत्तर आलं तर

गप्प बसू नका आणि फोनवर भांडूही नका. तपासणीचा लेखी अहवाल मागा: कोणी पाहिलं, काय दिसलं, कोणत्या अटीखाली नाकारलं. "ग्राहकाची चूक" एवढंच लिहिलं असेल तर तुमचे फोर्कचे फोटो पुन्हा जोडून विचारा की आघाताची खूण नेमकी कुठं दिसली.

इथं कोल्हापूरकरांच्या हाताशी एक मोठी सोय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे धातूतला तडा ओळखणारी माणसं इथं सापडतात. डाय पेनिट्रंट तपासणीत लाल द्रव लावून पुसतात, वर पांढरा थर देतात, आणि तड्यात मुरलेला रंग रेघ बनून वर येतो. नुसता रंग तडकलाय की धातू, याचा निकाल लागतो. मात्र त्यासाठी त्या जागेचा रंग काढावा लागतो. म्हणून आधी कंपनीला लिहून कळवा, हरकत असेल तर सांगा म्हणा, आणि सगळे फोटो झाल्यावरच करा. कार्बन फ्रेमला ही तपासणी लागू पडत नाही. तिथं नाण्यानं टकटक करून बद्द आवाज कुठं येतो ते पाहतात, पण तो पुरावा कच्चा.

एवढ्यानंही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तक्रार तिथून कंपनीकडे जाते आणि पुष्कळदा मामला तिथंच मिटतो. नाही मिटला तर 15 दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारखाना कुठंही असो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. "बघतो, कळवतो" यात ती संपू देऊ नका. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा.

नवी फ्रेम मंजूर झाली तर

होकार लेखी घ्या आणि लगेच विचारा: जुने भाग नव्या फ्रेमवर बसतील का, हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग), बॉटम ब्रॅकेट, ब्रेकची बैठक जुळते का, केबल आणि जोडणीची मजुरी कोण देणार. जुनं मॉडेल बंद झालेलं असेल तर हे प्रश्न फार महाग पडू शकतात. रंग वेगळा आला तर तेवढं सोडून द्या. फ्रेम हातात आली की खोक्यातच वेल्ड आणि दोन्ही टोकं पाहा, नंबर वाचा, आणि तो नवा नंबर दुकानदाराकडून जुन्या बिलावर सही-शिक्क्यासह लिहून घ्या.