'ड्रॅब'ला मराठीत कसं आणायचं

मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. एकदा नायिका नव्या ऑफिसात शिरते, भिंतींवरून नजर फिरवते आणि म्हणते, 'ड्रॅब!' म्हणजे फिकं, नीरस. मी ठोकून दिलं, 'किती कळकट!' पडद्यावर ऑफिस लख्ख. तपासणाऱ्याचा फोन आला, "ताई, यात कळकट काय आहे?"

तेव्हापासून एक करते. ती वस्तू मनातल्या मनात धुऊन बघते. धुतल्यावर जाईल ते कळकट, मळकट. ड्रॅब धुऊन जात नाही, कारण तिथे मळ नसतोच. रंग चढलेला नसतो.

शब्द जन्मलाच कापडात. लॅटिन 'ड्रापस', फ्रेंच 'द्रा', दोन्ही म्हणजे कापड. १६व्या शतकात इंग्रजीत ड्रॅब हे कापडच होतं. मग न रंगवलेल्या लोकरीचा फिका तपकिरी रंग. रटाळपणाचा अर्थ १९व्या शतकाच्या अखेरीस चिकटला. जुन्या दुकानांवर 'टेलर्स अँड ड्रेपर्स' अशी पाटी असते ना, त्यातला ड्रेपर, म्हणजे कापडविक्या, ह्याचाच भाऊबंद.

मला हे पटलं ते मांजरपाटामुळे. १९८२च्या संपापर्यंत बाबा लालबागला गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. घरातल्या पिशव्या, अभ्रे, सगळं मांजरपाटाचं. खळीने कडक, शिळ्या सायीसारखा रंग, अंगभर सरकीचे बारीक काळे ठिपके. आई घासघासून धुवायची. खळ जायची, ठिपके राहायचे. मळलेलं नव्हतंच ते, कोरं होतं. कापडबाजारात अशा मालाला 'ग्रे' म्हणतात, करडा नसला तरी!

तेव्हा आधी बघा, ड्रॅब कशाला म्हटलंय. कपड्याला असेल तर मातकट. खोलीला उदास, रस्त्याला भकास, भाषणाला रटाळ. आयुष्याला 'बेरंग' छान बसतं, पण दर भागात वापरू नका, गाण्यासारखं वाटायला लागतं. सैन्याच्या 'ऑलिव्ह ड्रॅब'ला मातकट हिरवा म्हणावं, जैतुनाच्या वाटेला जाऊ नये.

दोन खड्डे आहेत. 'ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज'चा रंगाशी संबंध नाही. ते थोडंथोडं, तुटक-तुटक. आणि जुन्या इंग्रजीत ड्रॅब म्हणजे गबाळी किंवा बदफैली बाई. 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींच्या तोंडी आहे तो हा वेगळाच शब्द. तिथे 'उदास' लिहिलंत तर हसं होईल.

त्या ऑफिसच्या प्रसंगात शेवटी लिहिलं, 'इथे रंग द्यायचा राहिलाय का?' परत फोन आला नाही.