आपण कोण, कशासाठी? वसईतल्या पोरांना मी करायला लावते ते

‘आडनाव डिसोझा, आणि मराठी इतकं चांगलं कसं?’ वसईच्या पोरांना लोकलमध्ये कधी ना कधी हे ऐकावं लागतंच. आडनावाचं उत्तर सोपं आहे. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीज होते, त्यांची ती देणगी. पण मी कोण, कशासाठी जगतोय, हे आडनावावरून कळत नाही आणि पगाराच्या स्लिपवरूनही नाही. रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, धर्मशिक्षणाला थांबणारी मोठी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना मी जे सांगते ते लिहिते.

तुमचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या ऑफिसात जा आणि आपल्या नोंदीचा दाखला मागा. फादर हो म्हणाले तर मूळ रजिस्टरच बघा. आईबाबांची नावं, धर्मपिता-धर्ममाता, तारीख, फादरची सही. बाजूला समास सोडलेला असतो. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, लग्न झालं, कुणी धर्मगुरू झालं, की त्याची नोंद तिथेच होते. दहावीचे टक्के आणि फ्लॅटचा एरिया लिहायला जागा नाही! तुम्ही काहीच कमावलं नव्हतं, बहुतेकांना मानही धरता येत नव्हती, तेव्हा देवाने तुम्हाला आपलं लेकरू म्हटलं. ओळखीची सुरुवात तिथून करा. बाप्तिस्मा झालेला नसेल, तर बायबलमधल्या यशयाच्या ४३व्या अध्यायातली पहिली सात वचनं सावकाश वाचा.

यापुढचं काम रोजचं आहे आणि बहुतेक जण इथेच गळतात. पद्धत जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. रात्री जेवण झालं की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पंधरा मिनिटं बसा. आधी आभार, पण मोघम नकोत. आईने डब्यात दिलेली सुक्या बोंबलाची चटणी, गर्दीत कुणी सरकून दिलेली जागा, असं नाव घेऊन. मग देवाकडे प्रकाश मागा आणि सकाळपासूनचा दिवस बघत या: मन कुठे हलकं झालं, कुठे कोरडं पडलं. चुकलं तिथे क्षमा मागा. उद्याचं एक काम त्याच्यावर सोपवा. वहीत दोन ओळी लिहा. दोनच. पानभर लिहिणारे आठवड्यात थकतात.

महिन्याभराने वही काढून वाचा. माझ्या वर्गातली एक मुलगी बँकेत आहे. शेजारच्या आजींचा पेन्शनचा फॉर्म भरून दिला, असल्या ओळींपाशीच तिच्या वहीत ‘बरं वाटलं’ लिहिलेलं सापडलं. तिने नोकरी सोडली नाही, पण शनिवारी ती कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांचे कागद भरून देते. आणि हो, मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय फिरवायचा नाही, हाही इग्नेशियसांचाच नियम. मठात जायचं असो की दुबईला.

काहींना वाटतं, हेतू म्हणजे काहीतरी मोठं, आभाळातून पडणारं. त्यांच्यापुढे मी आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ठेवते. जपानमध्ये जेझुइटांबरोबर राहून ते तिथली भाषा शिकले. त्यांच्या संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा व्यापार केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात बंधू झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. १५९७ मध्ये नागासाकीला ते क्रुसावर हुतात्मा झाले, ते सगळ्यांना पाठ असतं. मला मुलांना ती जपानी भाषा दाखवायची असते. तुम्हाला काय येतं, ते आज कुणाला हवंय, याची यादी करा. गाडी चालवता येते हेही लिहा.

हे सगळं एकट्याने करू नका. वही घेऊन एका माणसाकडे जा: फादर, सिस्टर, किंवा तुमची उगाच स्तुती न करणारी आत्या. कन्फेशनच्या (फादरपुढे पापांची कबुली देण्याच्या) वेळी मात्र हा विषय काढू नका, मागे रांग खोळंबते. वेगळी वेळ मागून घ्या. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मुलांना मी जून-जुलैत रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेसाठी एकांतात राहायला, पाठवते, तेव्हा मासेमारी बंद असते. नोकरीवाल्यांना रजा मिळत नसेल, तर रविवारची एक दुपार काढली तरी चालेल.