मिनीला सुपरचार्जर लावलाय? मग या चुका टाळा

नाशकात जुन्या गाड्यांचं वेड असलेली मंडळी बरीच आहेत आणि त्यातल्या एखाद्याला कधी ना कधी क्लासिक मिनीच्या बॉनेटखाली ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा सुपरचार्जर, बसवायची हुक्की येतेच. मिनी म्हणजे १९५९ ते २००० वाली, आत ए-सिरीज इंजिन, बहुतेक वेळा ९९८ नाहीतर १२७५ सीसी, आणि त्यावर हल्ली बहुतेक जण बसवतात तो ईटनचा एम४५, जो २००६ पर्यंतच्या नव्या मिनी कूपर एसवर कंपनीतूनच यायचा. कार्बोरेटर एकच, एसयू, आणि तो ब्लोअरच्या आधी. खाली जे लिहितोय ते याच सेटअपबद्दल.

गाडी नीट चालेना की पहिला संशय ब्लोअरवर जातो. खरं सांगायचं तर ब्लोअर क्वचितच बिघडतो. साध्या इंजिनात जी खोट वर्षानुवर्षं खपून जाते ती बूस्ट, म्हणजे ब्लोअरने चढवलेला हवेचा दाब, आला की उघडी पडते आणि मग पिस्टन जातो, त्यामुळे आधी जुनी दुखणी शोधा, ब्लोअर शेवटी.

बूस्ट कमी दिसतोय म्हणून लगेच छोटी पुली

ही सगळ्यात कॉमन चूक. इंग्लंडातले लोक सांगतात सात पीएसआय, आपल्या गेजवर साडेसहा, की चालला भाऊ अंबडला लेथवाल्याकडे. अहो, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तिकडे हवेचा दाब १४.७, इथे साधारण १३.७ पीएसआय. ब्लोअर आत आलेली हवा ठराविक पटीत दाबतो, मग आत येणारीच हवा पातळ असेल तर गेजवर अर्धा पीएसआय कमी दिसणारच, यात बिघाड काहीच नाही. एम४५ त्याच्या एका फेऱ्यात साधारण ७३७ सीसी हवा ढकलतो आणि १२७५ चं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात जास्तीत जास्त ६३७ सीसी घेतं, म्हणजे ब्लोअर क्रँकच्या बरोबरीने फिरला तरी हवा उरतेच. पुली छोटी केली की ब्लोअर आणखी वेगाने फिरतो आणि बूस्टसोबत हवेचं तापमानही चढतं आणि एप्रिल-मेमध्ये ते आपल्याला अजिबात परवडत नाही.

बूस्ट खरंच कमी असेल तर गेज कसा वागतो ते बघा. आरपीएम वाढताना बूस्ट टिकला पाहिजे किंवा थोडा वाढला पाहिजे. साडेचार हजारांपर्यंत चढला आणि मग खाली आला तर बहुतेक बेल्ट घसरतोय. पुलीच्या आजूबाजूला काळी भुकटी साचलीय का, बेल्टच्या आतल्या रेघा चकचकीत झाल्यात का, हे टॉर्च मारून बघायचं. बेल्ट नुसता ताणत बसू नका, त्याने ब्लोअरचं पुढचं बेअरिंग जाईल. पुलीला बेल्टचा वेढा कमी पडत असेल तर आयडलरची, म्हणजे बेल्टला वळवणाऱ्या मोकळ्या पुलीची, जागा बदलून वेढा वाढवा. बेल्ट ठीक निघाला तर एअर फिल्टर चोंदलाय का बघा. आणि बूस्ट मुळीच येत नसेल, बायपास व्हॉल्व (दाबलेली हवा परत ब्लोअरच्या आधी सोडणारी झडप) असेल, तर तो उघडा अडकलाय.

हवा खेचणारी गाडी

आयडलला गाडी वरखाली होते, मग पोरं एसयूचा जेट फिरवत बसतात. ब्लोअर आणि हेड यांच्यामधल्या गॅस्केटमधून लीक असेल तर आयडलला तिथून हवा आत जाते आणि बूस्टमध्ये त्याच फटीतून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. फ्लँजच्या कडेला ओलसर तपकिरी डाग दिसला की समजायचं. इथे कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायचा प्रकार कृपया करू नका. ए-सिरीजला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला, तापलेला मॅनिफोल्ड हातभर अंतरावर, गाडी पेटायला वेळ लागत नाही. स्मोक मशीन मिळत असेल तर उत्तम, नाहीतर इंजिन थंड असताना इनटेकमध्ये हलकं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावा.

पेट्रोल बदललं, सुई तीच

आता पंपावर ई२० मिळतं. शुद्ध पेट्रोलला एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ, आणि ई२० चा हिशोब येतो साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल पाहिजे आणि किती पेट्रोल जायचं ते ठरवणारी तुमच्या एसयूची सुई तर जुन्या पेट्रोलवर सेट केलेली. साध्या गाडीत पिकअप थोडा मरेल, बस. पण ब्लोअरवाली गाडी लोडमध्ये लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालली की नॉकिंग (मिक्श्चर भलत्या वेळी पेटून बसणारे ठोके), आणि कसारा घाट तिसऱ्या गियरवर पूर्ण थ्रॉटलने चढताना हे नॉकिंग रस्त्याच्या आवाजात ऐकूसुद्धा येत नाही. ई२० ला सगळे शिव्या घालतात, मला ते पूर्ण पटत नाही, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे मिक्श्चर बरोबर केलं तर नॉकिंगच्या बाबतीत उलट फायदाच आहे. जुने रबरी पाईप मात्र ते खातं, त्यामुळे टाकीपासून कार्बपर्यंतची सगळी लाईन इथेनॉल चालणारी टाका आणि गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर टाकीत पाणी धरतं हेही लक्षात ठेवा.

कानाने ट्युनिंग करायचे दिवस या गाडीसाठी नाहीत. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावा. लोडमध्ये लॅम्डा (नेमकी लागणारी हवा म्हणजे १, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५ च्या मध्ये हवा, म्हणजे पेट्रोल स्केलवर एका किलोला साधारण बारा किलो हवा. ई२० आहे म्हणून हा आकडा बदलायचा नाही, गेज मुळात लॅम्डाच मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो. एक गोष्ट अजून, या हेडमध्ये एक-दोन नंबरला मिळून एक इनटेक पोर्ट आणि तीन-चारला मिळून दुसरा, त्यामुळे सगळ्या सिलेंडरांना मिक्श्चर सारखं मिळत नाही, आणि सेन्सर तर चारही सिलेंडरची सरासरी सांगतो. चारही प्लग काढून बघायचे. प्लगच्या पांढऱ्या भागावर भिंग लावून मिरपुडीसारखे बारीक काळे-चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम उडतंय, तिथेच थांबा, पुढे एक किलोमीटरसुद्धा चालवू नका.

घाटात वर गेल्यावरच दम तुटत असेल आणि सपाट रस्त्यावर ठीक असेल तर सुईला हात लावायच्या आधी फ्लोट बोलमध्ये (कार्बच्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल पोहोचतंय का बघा. जुना पंप, चोंदलेला फिल्टर, हेच निघतं. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर गाडी अडखळते, त्याला लोक ब्लोअर लॅग म्हणतात! सुपरचार्जर बेल्टवर फिरतो, त्याला कसला लॅग. एसयूच्या वरची काळी टोपी उघडा, दांडा वर ओढून परत खाली ढकला, तेलाचा अडसर हाताला जाणवला पाहिजे. नसेल तर डॅम्परमध्ये तेल नाही. चमचाभर ऑइल टाकलं की काम झालं.

टायमिंग

बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला स्पार्क एक डिग्री मागे, म्हणजे उशिरा, हा अंदाजपंचे नियम सुरुवातीला चालतो. पण मागे म्हणजे किती मागे? नॉकिंगच्या भीतीने काही जण दहा-बारा डिग्री मागे आणतात, मग गाडी मेंगळट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालभडक आणि टेम्परेचरचा काटा वर, आणि दोष जातो रेडिएटरला. दुसरं, १२७५ च्या बऱ्याच क्रँक पुल्या रबर डॅम्परवाल्या असतात, रबर म्हातारं झालं की बाहेरची रिंग सरकते आणि टायमिंगची खूण खोटं बोलते. टायमिंग लाइट लावून तुम्ही प्रामाणिकपणे चुकीचा आकडा सेट करता. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) एकदा स्वतः काढा आणि नवीन खूण मारा. डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट हलवून बघा, बुश झिजला असेल तर टायमिंग स्थिर राहणारच नाही, तिथे लाइट लावून उपयोग शून्य.

प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, वापरा आणि गॅप ०.६ मिमीच्या आसपास. ०.९ ठेवला तर बूस्टमध्ये स्पार्क विझतो आणि गाडी मिसिंग मारते. नंबरमध्ये मात्र लोक हमखास गंडतात, एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा आकडा वाढला की गरम. बीपी६ईएसच्या जागी बीपी७ईएस हवा असताना बॉशमध्येही एक आकडा वर मागितला तर उलटंच होतं. सातपूरला बॉशचा कारखाना असलेल्या गावात तरी ही चूक शोभत नाही.

उष्णता आणि ऑइल

१९९६ पर्यंतच्या मिनीचा रेडिएटर बाजूला, चाकाच्या कमानीकडे तोंड करून. चालत्या गाडीतही त्याला पुढून थेट हवा मिळत नाही, आणि दुपारी द्वारका चौकाच्या जाममध्ये अडकलात तर विचारूच नका. इलेक्ट्रिक फॅन लावाच. मधे इंटरकूलर घालायची कल्पना मात्र सोडा, कार्ब ब्लोअरच्या आधी असेल तर त्यातून पेट्रोलमिश्रित हवा जाणार आणि एका बॅकफायरमध्ये तमाशा होईल.

ब्लोअरला त्याचं स्वतःचं ऑइल असतं. भंगारातून आणलेला एम४५ तसाच बसवू नका, मागच्या गियरकडचं ऑइल सुकून गियर खाल्ले जाणं ही त्याची प्रसिद्ध तक्रार आहे. दोन्ही टोकांचं जुनं ऑइल काढा, वास भयंकर येतो, मोकळ्या जागेत करा. इंजिन ऑइलचं सांगायचं तर मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल, गियरसुद्धा त्यालाच दळतात, त्यामुळे २०डब्ल्यू५० लवकर बदलत राहा.

एवढं सगळं ठीक असूनही गाडी मिसिंग मारते, पाणी कमी होतं, तर कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. दोन आणि तीन नंबर दोन्ही सारखेच पडलेले आले तर त्यांच्या मधल्या बारीक पट्टीवरून गॅस्केट गेलंय, १२७५ ला तिथे जागाच कमी. नुसतं गॅस्केट बदलून पुन्हा जाणार, हेड फेसिंग करून घ्या आणि जुने स्टड टाकून नवे घ्या.

आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आरटीओत विचारा. इंजिनातले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतात.