स्पिन लिक्विड म्हणायच्या आधी डिसऑर्डर कसा तपासायचा

ठाण्याला नौपाड्यात आम्ही एमएस्सीची चार-पाच जणं रविवारी डेटा घेऊन बसतो, आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच, सॅम्पल पार थंड केलं तरी ऑर्डर आली नाही (म्हणजे स्पिन, अणूंचे ते चिमुकले चुंबक, ठरावीक नक्षीत गोठले नाहीत) म्हणजे क्वांटम स्पिन लिक्विड, एकमेकांत गुंतलेले पण कधीच न गोठणारे स्पिन, झालं ना? नाही हो, एवढ्यावर नाही म्हणता येत, कारण डिसऑर्डर, म्हणजे अणू भलत्या जागी बसल्याने झालेली गडबड, तीही तसंच चित्र दाखवू शकते.

पहिलं स्ट्रक्चर बघा, कुठला अणू कुणाच्या जागी बसू शकतो ते. हर्बर्टस्मिथाइट या खनिजात, स्पिन लिक्विडच्या नावाजलेल्या उमेदवारात, तांब्याचं कागोमे जाळं असतं, म्हणजे जांभळी नाक्याला षटकोनी भोकांची बांबूची टोपली मिळते ना तसंच विणकाम (कागोमे हा जपानी शब्दच मुळी टोपलीच्या विणीचा), आणि दोन थरांच्या मधे जस्त. पण जस्ताच्या साधारण १५ टक्के जागांवर तांबंच जाऊन बसतं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मग ससेप्टिबिलिटी, म्हणजे चुंबकीय फील्डला सॅम्पल किती प्रतिसाद देतं ते. स्पिन-स्पिन जोर सुमारे २०० केल्विनचा, तरी ५० मिलिकेल्विनपर्यंत ऑर्डर नाही, हे भारीच आहे. पण खाली जाताना ग्राफ जी शेपटी वर टाकतो ती बहुतेक या घुसलेल्या तांब्याची असते, मूळ जाळ्याची नाही. सरळ क्युरी टर्म (एकट्या-सुट्या स्पिनचा, तापमान उतरलं की वाढणारा वाटा) वजा करून मोकळं होऊ नका, कारण ते स्पिनही एकमेकांशी थोडे बोलतात. शक्य असेल तर ऑक्सिजन-१७ चं एनएमआर (अणुकेंद्रकाला जवळचं चुंबकत्व कसं जाणवतं ते मोजणारी पद्धत) बघा, त्यात जाळ्याचा स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि तिथे शिफ्ट (जाळ्याच्या प्रतिसादाचं माप) खाली उतरतो, अख्ख्या सॅम्पलचं मापन वर जात असताना!

एसी ससेप्टिबिलिटी, म्हणजे हेच मापन उलटसुलट होणाऱ्या फील्डमध्ये, मात्र चुकवू नका. फ्रिक्वेन्सी बदलली की पीक सरकतो का? सरकला तर स्पिन ग्लासचा, म्हणजे स्पिन कसेही वाकडेतिकडे गोठल्याचा, संशय घ्या. इटर्बियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम-गॅलियम कसेही मिसळलेले असतात, न्यूट्रॉन मारून बघितल्यावर पसरट कंटिन्यूम (धारदार रेषांऐवजी सलग पसरलेला सिग्नल, स्पिन लिक्विडकडून अपेक्षित असतो तसा) दिसला आणि लोक खूश झाले, पण २०१८ मध्ये त्याच्यात आणि त्याच्या जस्तवाल्या भावंडात (मॅग्नेशियमच्या जागी जस्त) ०.१ केल्विनच्या आसपास असाच सरकणारा पीक सापडला. म्हणजे नुसता पसरट सिग्नल पुरावा नव्हे, डिसऑर्डरनेही तो येतो.

डिसऑर्डरमुळे स्पिन कमी-जास्त ताकदीच्या सिंगलेट जोड्याही (दोन स्पिन एकमेकांना रद्द करणाऱ्या) बांधतात, त्यासाठी वेगवेगळ्या फील्डमधली स्पेसिफिक हीट (तापमान वाढवायला लागणारी उष्णता) घ्या आणि तापमान भागिले फील्ड अशा अक्षावर सगळे कर्व्ह एकावर एक बसतात का बघा, बसले तर रँडम सिंगलेटचा, म्हणजे अशाच अस्ताव्यस्त जोड्यांचा, विचार करा.

आणि एकाच बॅचवर थांबू नका, जस्त कमी-जास्त करून दोन-तीन सॅम्पल बनवा, शेपटी जस्ताबरोबर बदलते का हे बघूनच पेपरला हात घाला.